उंदीर मेला नाही म्हणजे जीवाणू सौम्य नव्हे: प्रयोगप्राणी निवडताना या चुका टाळा

ऑगस्ट १९९४मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर मरून पडले, मग माणसांच्या जांघेत गाठी आल्या. प्लेगचे ते दिवस मराठवाड्यात राहून ज्यांनी पाहिले, त्यांच्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलं: उंदीर मेला की रोग आला. पण माणसाला लेप्टोस्पायरोसिसचा ताप देणाऱ्या लेप्टोस्पायरा जीवाणूचं उलटं आहे. उसाच्या फडातला उंदीर हा जीवाणू महिनोन्‌महिने मूत्रपिंडात बाळगतो, लघवीतून सांडत राहतो आणि स्वतः मात्र ठणठणीत असतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचे आराखडे, वाचताना हे दोन उंदीर मला सारखे आठवतात.

‘ॲनिमल हाउसमध्ये उंदीरच आहेत, मग उंदीरच घेऊ’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एकाने जनावरातून वेगळा केलेला लेप्टोस्पायरा मोठ्या झालेल्या पांढऱ्या उंदरांना टोचला. एकही मेला नाही. प्रबंधात वाक्य आलं: ‘हा स्थानिक जीवाणू सौम्य आहे.’ आता, या जीवाणूच्या बाह्य आवरणातली लिपोपॉलिसॅकराइड (मेद आणि शर्करेचा रेणू) उंदराच्या पेशींवरचा टीएलआर-४ हा ग्राहक, म्हणजे जंतूची खूण टिपणारं प्रथिन, ओळखतो. माणसाचा टीएलआर-४ ओळखत नाही. म्हणजे जी लढाई आपण हरतो तीच उंदीर जिंकतो. त्याच्या जगण्यावरून जीवाणूच्या सौम्यपणाचा दाखला कसा देणार? तीव्र आजार पाहायचा तर कोवळ्या वयाचा हॅमस्टर घ्या. अगदी थोड्या जीवाणूंनीही तो काही दिवसांत ढासळतो. यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस सगळीकडे खुणा दिसतात. मात्र प्रश्न ‘जीवाणू लघवीतून किती दिवस बाहेर पडतो’ असा असेल, तर उंदीरच योग्य. हॅमस्टर उत्तर मिळण्याआधीच मरेल.

अन्नातून पोटात जाणाऱ्या लिस्टेरिया जीवाणूची गंमत याहून बारीक. आतड्याच्या पेशीत शिरताना तो ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन धरतो. माणसाच्या या प्रथिनात सोळाव्या जागी प्रोलिन आहे, उंदराच्या प्रथिनात ग्लुटामिक आम्ल. एवढ्या एका फरकाने पकड सुटते. म्हणून साध्या उंदराला तोंडावाटे लिस्टेरिया पाजून ‘आतड्यातून संसर्ग होत नाही’ असं लिहिलं, तर परीक्षक पहिल्याच पानावर अडवेल. गिनिपिगमध्ये ही पकड जमते, पण पेशीत शिरायची जीवाणूची दुसरी किल्ली, म्हणजे दुसरं प्रथिन, तिथे चालत नाही. जर्बिलमध्ये दोन्ही चालतात.

साल्मोनेला टायफिम्युरियम माणसाला हगवण लावतो, उंदराला मात्र टायफॉइडसारखा अंगभर आजार देतो. उंदराच्या आतड्याची सूज बघायची असेल तर आधी स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक द्यावं लागतं.

ब्रुसेलात ताप शोधत बसणं

गाय गाभडली, वार अडकली, घरच्याने उघड्या हाताने ओढून काढली आणि महिन्याभरात त्याला उलटसुलट ताप सुरू झाला, हे ब्रुसेला या जीवाणूचं, आपल्याकडे कुठल्याही पशुवैद्यकाला ओळखीचं चित्र. विद्यार्थी तेच चित्र उंदरात शोधतो आणि निराश होतो. उंदराला तसा ताप येत नाही. त्याच्या प्लीहेत किती जीवाणू टिकले, याची मोजणी हेच तिथलं उत्तर. बाल्ब-सी या उंदरांच्या जातीचे आकडे ब्लॅक-६ जातीच्या आकड्यांशेजारी ठेवू नका, दुसरी जात ब्रुसेलाला जास्त दाद देत नाही. पोटात सुई टोचून मिळालेला निष्कर्ष कच्च्या दुधातून होणाऱ्या संसर्गालाही जसाच्या तसा लावू नका. गर्भपातच अभ्यासायचा असेल तर गिनिपिग किंवा सरळ शेळी. आपल्या उस्मानाबादी शेळीचा मोह मलाही होतो, पण मोठ्या प्राण्यांसाठी संस्थेच्या समितीपुढे जाऊन केंद्रीय समितीची मान्यता लागते आणि संसर्ग झालेली शेळी कोंडून ठेवायला योग्य जागा लागते. ती नसेल तर विषय बदला.

गिनिपिग: जीवाणूने मारला की आपण?

मे महिना, पारा ४२च्या वर, वीज गेलेली, कूलर बंद. प्रयोगप्राण्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं १८ ते २९ अंश सांगतात. उकाड्याने धापा टाकणाऱ्या गिनिपिगचं तापमान ‘संसर्गाचा ताप’ म्हणून नोंदवलेलं मी पाहिलं आहे. टोच न दिलेला गट त्याच खोलीत असता तर चूक त्याच दिवशी कळली असती.

दुसरा प्रसंग माझ्याच देखरेखीखालचा, त्यामुळे सांगायला लाज वाटते. ब्रुसेला टोचलेल्या गिनिपिगचे सांधे सुजले. माणसातही या रोगात सांधे धरतात, म्हणून आम्ही खूश. आठवड्याने टोच न दिलेलेही लंगडू लागले. गिनिपिगला माणसासारखंच क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही, आणि आमच्या खाद्याच्या गोण्या कित्येक महिने गरम खोलीत पडून होत्या. तो स्कर्व्ही होता. तेव्हापासून गोणीवरची उत्पादनाची तारीख आधी बघतो. तीन महिन्यांपुढच्या खाद्यावर भरवसा ठेवत नाही. लसूणघास देताना स्वच्छ धुऊन द्या, नाहीतर शेतातल्या उंदराची लघवी प्रयोगात मिसळायची.

आणि उपचाराची चाचणी असेल तर सावध राहा: पेनिसिलिन गटातली औषधं गिनिपिगच्या आतड्यातला समतोल बिघडवून त्यालाच मारू शकतात. नुसतं औषध दिलेला, संसर्ग नसलेला गट ठेवलाच पाहिजे.

जीवाणूही मवाळ होतो

नळीतून नळीत वर्षभर वाढवलेला लेप्टोस्पायरा मारकपणा गमावतो. हॅमस्टरमधून काढून परत मिळवलेला, कमी वेळा वाढवलेला साठा गोठवून ठेवा. ब्रुसेलाची गुळगुळीत वसाहत खडबडीत झाली की तेच. टोचण्याआधी ॲक्रिफ्लेविन हा रंग लावून वसाहत कुठली ते बघा, दोन मिनिटांचं काम आहे. टोचल्यावर उरलेला द्रव प्लेटवर पसरवून डोस खरंच किती गेला तेही मोजा. गढूळपणावरच्या अंदाजात मेलेले जीवाणूही धरले जातात.

हवा तुमच्या तोंडावर

लॅमिनार एअर फ्लो म्हणजे काम करणाऱ्याला जंतूंपासून वाचवणारं बायोसेफ्टी कॅबिनेट नव्हे. आडव्या झोताचं लॅमिनार नमुना वाचवतं आणि त्यावरची हवा थेट तुमच्या तोंडावर सोडतं. त्यात ब्रुसेला उघडू नका, लसीत वापरतात तो एस-१९ हा ब्रुसेलाचा प्रकारसुद्धा नाही. तो माणसाला आजारी पाडतो. हॅमस्टरच्या पिंजऱ्यातला भुसाही उकिरड्यावर नको. त्यात लघवी आहे, आणि उकिरड्यावर रात्री उंदीर येतात. आधी ऑटोक्लेव्हमध्ये दाबाच्या वाफेने निर्जंतुक, मग बाहेर.