वळचणीची सावली : रेल्वे मॉडेलसाठी घरं बांधताना आणि त्यांचे फोटो काढताना

माझं पहिलं घर सहा इंच लांब होतं. सनबोर्डाच्या भिंती, कार्डशीटचं छप्पर, वरून लाल पोस्टर कलर. मी खूश होतो. आमच्या वाडीत दरवर्षी मे महिन्यात कौलं परतायला एक काका येतात. त्यांनी ते ओटीवर बसून हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि विचारलं, "हेका वळचण खय आसा? पयल्याच पावसात भिती भिजतल्यो."

मी हसलो आणि ते गेल्यावर टेप घेऊन बाहेर आलो. आमच्या घराची वळचण भिंतीपासून अडीच फूट पुढे येते. माझ्या मॉडेलमध्ये (ते १:८७ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं) ती दोन मिलिमीटर होती, म्हणजे खऱ्या घरात जेमतेम सात इंच. खरं तर साडेआठ-नऊ मिलिमीटर हवी होती. वळचण वाढवल्यावर भिंतीचा वरचा भाग सावलीत गेला आणि तेव्हा कुठे ते कोकणातलं घर वाटायला लागलं. पुढे फोटो काढायला लागलो तेव्हा कळलं की कौलारू घराचा फोटो म्हणजे निम्मा त्या सावलीचाच फोटो.

मी कुडाळजवळच्या गावातला. आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिलचा दोन वर्षांचा ट्रेड केला, मग एका आर्किटेक्टकडे नकाशे काढता काढता १:१०० ची मॉडेलं करायला लागलो. आता मुंबई-पुण्याच्या रेल्वेवेड्या मंडळींना घरं, गेटमनच्या केबिनी, स्टेशनं करून देतो. या कामाला यायचं असेल तर डिग्रीवाचून अडत नाही. ड्रॉइंग वाचता यावं आणि हात स्थिर असावा. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळं रंगवणाऱ्यांचा हात एकदा बघून या, किंवा श्रावणात गावच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, महिनाभर बसा. डोळ्यांची आखणी करणारा माणूस श्वास कधी रोखतो ते बघितलंत की अर्धं शिक्षण झालं.

माप आधी ठरवा. रेल्वे मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त चालतं ते एचओ, म्हणजे १:८७. त्याच्या दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिलिमीटर. १६.५ गुणिले ८७ केलं की १४३५ येतात आणि ते परदेशातलं स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. ते १:८७ ला १९.३ होतं. म्हणजे एचओच्या रुळावर भारतीय इंजीन ठेवलं की रूळ पावणेतीन मिलिमीटर अरुंद पडतो. मजा अशी की तोच रूळ १:१०० धरला तर आपल्या ब्रॉडगेजला जवळपास बरोबर बसतो. मला हा शोध लागला तेव्हा मी दोन दिवस हवेत होतो. मग लक्षात आलं की गिऱ्हाईकाकडची इंजिनं आणि डबे १:८७ चे आहेत, शेजारी १:१०० चं स्टेशन ठेवलं तर गाडी दारापेक्षा मोठी दिसणार. तेव्हा घरं १:८७ लाच करा आणि फोटो रुळांच्या नेमका समोरून काढू नका. तिरक्यातून काढलात तर तो फरक कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

दुसरं ठरवायचं ते साल. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाली आणि संपूर्ण विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये झालं. तुमच्या फलाटापाशी विजेचे खांब असतील तर घराच्या छपरावर डिश अँटेना, पडवीत स्कूटर, एखाद्या भिंतीला पत्र्याची शेड, हे सगळं चालतं. खांब नसतील तर थोडं मागे जावं लागतं. साल न ठरवता केलेलं मॉडेल कसं दिसतं ते मी करून बघितलंय. एका गिऱ्हाईकाने फोटो बघून पहिलाच प्रश्न विचारला होता, "डिझेल इंजिनावर ही तार कशाला?" डिझेल गाड्या तारेखालूनही धावतात, पण मी ते खांब तसा विचार करून लावलेले नव्हते. मग उत्तर काय देणार?

माप घ्यायची माझी पद्धत साधी आहे. एक मीटरची पट्टी भिंतीला टेकवायची आणि भिंतीच्या अगदी समोर उभं राहून फोटो काढायचा. मग चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचे, थर मोजायचे. आमच्याकडचा चिरा साधारण १४ इंच लांब आणि ७ इंच उंच, मधला सांधा धरून एक थर साडेसात इंचांच्या आसपास जातो. थर मोजले की वळचणीची उंची, खिडकीचा उंबरा, दाराची चौकट सगळं घरबसल्या निघतं. गावातल्या घरासाठी मालकाला विचारायचं, चहा घ्यायचा आणि मग मोजायचं. स्टेशनात मात्र आधी स्टेशन मास्तरांना भेटा. मी एकदा न विचारता फलाटाची कड मोजत बसलो होतो, तर रेल्वे पोलिसाने टेपसकट उचलून बसवलं आणि तासभर 'छोटी रेल्वे' म्हणजे काय ते त्याला समजावत होतो. उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असतो. १:८७ ला साधारण पावणेनऊ ते पावणेदहा.

मोजणं महत्त्वाचं का, त्याचं एक उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. ऑस्ट्रेलियातून १९२५ मध्ये तिथे आलेल्या रॉय इंग्लंड या माणसाला खेड्यातली जुनी गवती छपरांची घरं बदलताना, पडताना दिसायला लागली. त्याने ती मोजून पुठ्ठ्यात बांधायला घेतली. त्यातून ऑक्सफर्डशायरमधलं पेंडन संग्रहालय उभं राहिलं. तिथली खेडी १:७६ मापात आहेत. आपल्याकडे दर मे महिन्यात दोन-चार कौलारू घरांवर स्लॅब चढतो. मी मोजलेल्या घरांपैकी तीन आता नाहीत. वहीत आहेत.

आता हत्यारं. महागडी परदेशी सुरी घेऊ नका. मेडिकलच्या दुकानात ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड आणि ३ नंबरचा दांडा मिळतो, तो घ्या. स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, फेविकॉल. एका जोरात कापायचं नाही, हलक्या हाताने चार-पाच वेळा पातं फिरवायचं. वाशांना नारळाच्या झाडूचे हीर वापरतो. बाजारातल्या कुठल्याही काडीपेक्षा ते वाशासारखे दिसतात, कारण ते थोडे वाकडे असतात.

चिऱ्याच्या भिंतीसाठी माउंटबोर्डवर बोथट सुईने रेघा ओढायच्या. नवशिके इथे एक चूक हमखास करतात, मीही केली. जांभ्याला भोकं असतात म्हणून बोर्डाला सुईने भोकं पाडत बसतात. एक सेंटिमीटरचं भोक १:८७ ला ०.१ मिलिमीटर होतं. ते दिसतच नाही. भोकं पाडलीत की भिंतीची चाळण होते. त्यापेक्षा खऱ्या जांभ्याची भुकटी मलमलच्या कपड्यातून गाळा, पातळ फेविकॉलमध्ये कालवा आणि ब्रशने एक हात द्या. भुकटी गोंदात गडद होते, म्हणून थोडा पांढरा रंग मिसळा. एरवीही छोट्या वस्तूला खरा रंग जसाच्या तसा दिला तर तो भडक वाटतो. लांबून बघितलेल्या घराचा रंग फिकट झालेला असतो, मॉडेललाही तोच द्यायचा.

कौलांवर मात्र वेळ घालवा, इथे कंजुषी नको. मंगलोरी कौल सुमारे १६ इंच लांब आणि ९ इंच रुंद असतं. एकावर एक बसलं की उघडा भाग साधारण ३२ सेंटिमीटर उरतो, म्हणजे आपल्या मापात पावणेचार मिलिमीटर. मी जाडसर कागदाच्या पाच मिलिमीटरच्या पट्ट्या कापतो, प्रत्येकीला सव्वादोन मिलिमीटरवर अर्धवट काप देतो आणि खालून वर चिकटवत जातो. साडेचार मीटरच्या उताराला एका बाजूला चौदा पट्ट्या. पट्ट्या आधी रंगवून घ्यायच्या. सगळ्या एकाच डब्यातून नाही. जुनं कौल शेवाळाने काळपट होतं, मे महिन्यात बदललेलं तेवढं केशरी. शंभरात चार-पाच कौलं केशरी ठेवलीत तर ते घर या वर्षी परतलेलं आहे हे बघणाऱ्याला न सांगता कळतं. एखादी पट्टी केसभर वाकडी बसू द्या.

मग पाऊस. पागोळ्या जिथे पडतात तिथे अंगणात भिंतीला समांतर बारीक खळग्यांची रेघ उठते. मातीचा थर ओला असतानाच मी ती सुईच्या टोकाने टोचतो, बरोबर वळचणीच्या कडेखाली. आणि त्या पागोळ्यांचे शिंतोडे भिंतीवर उडून तळाची फूटभर पट्टी लालसर होते. मॉडेलवर ती साडेतीन मिलिमीटरची. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर ती पट्टी नसेल तर घर काल दुकानातून आणल्यासारखं दिसतं. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) माथ्यावर काळं-हिरवं शेवाळ, तेही थोडंच. समुद्रावरची वाळू अंगणाला वापरू नका, मिठामुळे तिला ओल सुटते. नदीची घ्या, धुऊन.

आमच्या हवेचा त्रास वेगळा सांगायला हवा. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला रंग दिलात की तो पावसाळ्यात पापडासारखा वळतो. दोन्ही बाजूंना लाखेच्या पॉलिशचा हात द्या, कापायच्या आधी. जुलैत फेविकॉल दुपारपर्यंत सुकत नाही. मी मोठ्या खोक्यात ६० वॅटचा पिवळा बल्ब लावून त्यात भिंती वाळवतो, पण खोक्यापासून उठत नाही. एकदा जेवायला गेलो आणि सिग्नल केबिनचं छप्पर करपलं. घरात दिवा लावायचा असेल तर भिंती आतून काळ्या रंगवा, नाहीतर सगळी भिंतच कंदिलासारखी उजळते.

फोटो. माणसाच्या डोळ्याची उंची १.६ मीटर धरली तर १:८७ ला ती १८ मिलिमीटर होते. आपण उभ्याने मोबाइलवर फोटो काढतो तो त्या जगात डोंगरावरून काढलेला असतो, म्हणून खेळणं दिसतं. मोबाइल उलटा करा, कॅमेरा खाली येईल असा, आणि सरळ अंगणाच्या मातीवर टेकवा. लेन्स पंधरा-वीस मिलिमीटरवर आली की गाडीची वाट बघणाऱ्या माणसाला दिसेल ते दिसायला लागतं. फार जवळ जाऊ नका, भिंती फुगतात. थोडं मागे सरकून नंतर कातरा.

मोबाइलचा फायदा असा की त्याचा सेन्सर छोटा, त्यामुळे पुढचं-मागचं बरंच एकाच वेळी स्पष्ट येतं. मोठ्या कॅमेऱ्यात पुढची पायरी स्पष्ट आली की मागचं छप्पर धूसर होतं आणि ती धूसरताच 'हे छोटं आहे' असं ओरडून सांगते. लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ २२ पर्यंत बारीक केलं तर सगळंच मऊ पडतं. मी एफ ८ वर ट्रायपॉडवरून फोकस सरकवत दहा-बारा फोटो घेतो आणि कॉम्प्युटरवर जोडतो. लेन्स मात्र हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. माझ्या पहिल्या लेन्सला दुसऱ्याच पावसाळ्यात आतून बुरशीची जाळी धरली.

प्रकाशाला सूर्यच. खोलीत दोन ट्यूब लावल्या की खांबाला दोन सावल्या पडतात. सकाळी साडेआठला मी टेबल खळ्यात (अंगणात) काढतो, मॉडेल असं ठेवतो की पलीकडच्या शेतातली खरी झाडं बरोबर गडग्याच्या वर येतील. तेव्हा ऊन तिरपं असतं आणि वळचणीची सावली भिंतीवर अर्ध्यापर्यंत उतरते. चांगले फोटो त्या अर्ध्या तासात मिळतात. दुपारी सावली सगळी भिंत खाते. आधी मेकअपच्या ब्रशने धूळ झटका, एक कण फोटोत धोंड्याएवढा येतो. मुंग्यांवर लक्ष ठेवा. माझ्या एका चांगल्या फोटोत फलाटावर कुत्र्याएवढा मुंगळा आहे.

फोटो शेवटी काढायचा अशी समजूत सोडा. भिंत उभी राहिली की काढा, छप्पर नुसतं ठेवून काढा. डोळा चुकलेला कोपरा माफ करतो, मोबाइल करत नाही. जॉन ॲलन हा अमेरिकेतला मोठा मॉडेलकार पेशाने छायाचित्रकार होता, तो १९७३ ला गेला. काजळी लागलेल्या, उन्हापावसाने विटलेल्या त्याच्या इमारती फोटोतून जगभर पोचल्या. कॅमेऱ्यातून बघायची सवय असलेल्यालाच तसं सुचलं असणार असं मला वाटतं.

पैशाचं थोडक्यात. नुसत्या रेल्वेवर पोट भरत नाही. वर्षाचा निम्मा पैसा बिल्डरांच्या मॉडेलांतून आणि गणपतीच्या देखाव्यांतून येतो. अर्धी रक्कम आगाऊ घ्या आणि माप, साल, आकार लिहून घ्या. एकाने माझे फोटो मागवून घेतले, कौतुक केलं आणि उरलेले पैसे आजतागायत दिले नाहीत. पहिलं पार्सल मी थर्माकोलचे गोळे भरून एसटीने पाठवलं होतं, पुण्यात पोचेपर्यंत दोन्ही बाजूंच्या वळचणी तुटल्या. आता मॉडेलचा पाया खोक्याच्या तळाला स्क्रूने आवळतो आणि छपराला काहीच टेकू देत नाही.

सुरुवात स्टेशनापासून करू नका. एक मांगर (शेतावरचं साधं खोपटं) करा, चार भिंती, एक दार, दोन उतार. जूननंतर मी पुठ्ठ्याची नवीन ऑर्डर घेत नाही. तेव्हा छत्री, वही आणि टेप घेऊन भिजलेल्या भिंती बघत हिंडतो. शिंतोडे कुठवर उडतात, पागोळ्या भिंतीपासून किती लांब पडतात, पन्हळ नसलेल्या कोपऱ्यावर पाणी कसं एकवटतं, हे उघडिपीत दिसत नाही.