कामाच्या जागी धोका दिसला तर तक्रार कशी करावी

‘आजवर काही झालं नाही ना?’ धोक्याची तोंडी तक्रार बहुतेक वेळा याच उत्तरावर अडते. ती पुढे सरकवायची तर तीन गोष्टी हाताशी लागतात: धोका नेमका कुठे आहे, सरकारी नियम त्याबद्दल काय म्हणतो आणि तुम्हाला कोणता बदल हवा आहे. कायदे आणि कार्यालयांची नावे देशागणिक बदलतात, पण क्रम साधारण हाच राहतो.

आधी जीव, मग कागद

गॅसचा वास, खचत चाललेली मातीची कड, उघडी जिवंत वायर असे काही असेल तर अर्ज लिहीत बसू नका. काम थांबवा, शेजारच्यांना हटवा, सुपरवायझरला लगेच सांगा. कोणी टाकीत किंवा गटारात उतरून बेशुद्ध पडला असेल, तर त्याच्यामागे उतरू नका. आतला विषारी वायू किंवा प्राणवायूची कमतरता दुसऱ्यालाही तितक्याच झटपट आडवे करते. अशा अपघातांत वाचवायला गेलेलेही अनेकदा दगावतात.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या करारात, क्रमांक १५५, याबाबत स्पष्ट तरतूद आहे. जिवावर बेतणारा तातडीचा धोका आहे असे मानायला सबळ कारण असेल, तर बाजूला झालेल्या कामगाराला त्याची गैरवाजवी शिक्षा होता कामा नये. मालकाने गरजेचा उपाय करेपर्यंत, धोका कायम असलेल्या जागी परत जायला त्याला भाग पाडता येत नाही. अर्थात, तुमच्या देशाने करार स्वीकारून कायद्यात उतरवला असेल तरच त्याचा थेट उपयोग. म्हणून ‘मी करणार नाही’ म्हणून घरी निघून जाऊ नका. ‘या धोक्यामुळे थांबलोय, तो दूर झाला की सुरू करतो’ असे सांगा आणि आवारातच सुरक्षित जागी थांबा.

धोका असा लिहा की न पाहिलेल्यालाही दिसेल

‘मशीन धोकादायक आहे’ या वाक्यावर कोणीच काही करू शकत नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘२ नंबरच्या मशीनच्या बेल्टवरचा गार्ड (संरक्षक झाकण) निघालेला आहे. ये-जा करायची वाट बेल्टला लागून आहे. सोमवारी दुसऱ्या पाळीत एकाची बाही ओढली गेली. शेजाऱ्याने स्विच बंद केल्यामुळे हात वाचला.’ जागा, वेळ, कोणाला इजा होऊ शकते आणि आधी काय घडले, एवढे पुरे. थोडक्यात टळलेले प्रसंग आवर्जून लिहा. रक्त सांडले नाही म्हणून लोक ते सोडून देतात, आणि पुढच्या अपघाताची सगळ्यात आधी मिळणारी खूण तीच असते. परवानगी असेल तर फोटो जोडा. कोणाला दोष देणारी वाक्ये मात्र गाळा, कारण मग चर्चा माणसांवर घसरते आणि गार्ड राहतो बाजूला.

नियम शोधताना ‘करावे’ आणि ‘बंधनकारक’ यांत गल्लत नको

कामगार खात्याच्या संकेतस्थळावर कायदा, नियम आणि मार्गदर्शक सूचना शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात. दिसायला सारख्या, वजनाला वेगळ्या. आवाजाचे पाहा. अमेरिकेत निऑश ही सरकारी संशोधन संस्था ८ तासांच्या पाळीत सरासरी ८५ डेसिबलच्या वर जाऊ नका, असा सल्ला देते. तिथल्याच ओशा या कामगार सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेची कायदेशीर कमाल मर्यादा मात्र ९० आहे, आणि ८५ पासून मालकाला श्रवणतपासणीसारखी व्यवस्था करावी लागते. एकाच देशात हे असे, तर कुठून तरी व्हॉट्सअॅपवर आलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा? कागद कोणत्या देशाचा, कोणत्या वर्षाचा, तुमच्या उद्योगाला लागू आहे का, हे आधी बघा. नुसताच सल्ला हाती लागला तरी तो जोडा. फक्त त्याला कायदा म्हणू नका.

रसायनांच्या बाबतीत सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या रसायनाचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारा कागद, मागा. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या शीटमध्ये १६ भाग असतात. घाईत असाल तर चौथा, म्हणजे प्रथमोपचार, आणि आठवा, म्हणजे संपर्काच्या मर्यादा आणि संरक्षक साधने, हे दोन आधी वाचा.

उपाय मागताना वरून सुरुवात करा

इथे बहुतेक तक्रारी स्वस्तात मिटतात. आवाज आहे? इअरप्लग घ्या. धूळ आहे? मास्क लावा. सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची उतरंड ठरलेली आहे आणि तिच्यात संरक्षक साधने सर्वांत शेवटी येतात. आधी धोकाच काढून टाकता येतो का, हे बघायचे. नाहीतर कमी घातक वस्तू किंवा पद्धत वापरायची. तेही जमत नसेल तर गार्ड, आडोसा, धूळ ओढून घेणारा पंखा अशी यांत्रिक व्यवस्था. मग कामाच्या पद्धतीत बदल, पाळ्यांची अदलाबदल, प्रशिक्षण. आणि सगळ्यात खाली मास्क, हातमोजे, इअरप्लग.

क्रम असा का? वरचे उपाय कोणाच्या सवयीवर अवलंबून नसतात. कॉम्प्रेसर वेगळ्या खोलीत हलवला की आवाज सगळ्यांसाठी कमी होतो, कंटाळलेल्यासाठीही आणि कालच लागलेल्या पोरासाठीही. इअरप्लग नीट बसले नाहीत तर कागदावर बचाव असतो, कानात नसतो. म्हणून अर्जात लिहा: ‘कॉम्प्रेसर बाहेर हलवावा, तोवर इअरप्लग द्यावेत.’ ‘तोवर’ हा शब्द सोडू नका. आणि साधनांचे पैसे पगारातून कापत असतील तर करार १५५ चाच दाखला द्या: सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडू नये, असे त्यात लिहिले आहे.

पोच घ्या

अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर तारीख आणि सही घ्या. ईमेल केला तर तो जपून ठेवा. सुरक्षा समिती किंवा युनियन असेल तर तिलाही प्रत द्या. शक्यतो चारपाच जणांनी मिळून सही करा. उत्तरासाठी तारीख सुचवा. धोका मोठा असेल तर ती जवळची असू द्या.

तरीही हालचाल नसेल तर निरीक्षक

मग सरकारच्या कामगार निरीक्षकाकडे तक्रार करा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचाच कामगार निरीक्षणाचा १९४७ चा करार, क्रमांक ८१, निरीक्षकाला पूर्वसूचना न देता दिवसा किंवा रात्री कारखान्यात शिरण्याचा अधिकार देतो. तक्रार कोणी केली, हे त्याने गुप्त ठेवायचे असते. तक्रारीवरून आलो आहोत, हेसुद्धा मालकाला कळू द्यायचे नसते. पण दहा माणसांच्या कारखान्यात कोण बोलले ते न सांगताही कळते. तेव्हा तक्रार करण्याआधीच पे स्लिप, हजेरी, ओव्हरटाइम आणि पाळ्यांची नोंद घरी ठेवा. उद्या अचानक पाळी बदलली, पगार कापला किंवा कामावरून काढले, तर आधी काय होते आणि नंतर काय झाले हे तारखांसह मांडता येईल. ही नोंद थकव्याची तक्रार करतानाही कामी येते, कारण जादा तास हा मजुरीइतकाच सुरक्षेचाही प्रश्न आहे.

निरीक्षक येऊन गेल्यावर त्याचा अहवाल किंवा आदेश पाहायला मिळतो का, ते विचारा. आणि गार्ड बसला तरी महिनाभराने पुन्हा बघा. साफसफाईला अडचण होते म्हणून तो हमखास काढून ठेवतात. तसे झाले असेल तर नवा अर्ज करा, जुन्याची प्रत जोडून.