मागं पोर बसलंय! दुचाकीवरच्या या चुका टाळा

शाळा भरायच्या वेळी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या जनता बझारच्या चौकात दहा मिनिटं उभं राहून बघा. स्कूटरच्या फूटबोर्डवर उभा राहून हँडल धरलेला पहिलीतला पोरगा. बुलेटच्या टाकीवर बसलेली मुलगी, तिची हनुवटी मीटरच्या काचेपासून वीतभर लांब. आईबाबांच्या मध्ये दाबून बसलेलं एक आणि आईच्या मांडीवर आडवं दुसरं. सिग्नल पडायच्या आधीच सगळ्या गाड्या सुटलेल्या.

यातला एकही स्टंटबाज नाही. पोराला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारी ही माणसं. पण गाडीवर बसली की एकटी असताना जशी चालवतात तशीच चालवतात, आणि गोम तिथंच आहे. एकट्यानं चालवताना जे खपून जातं, तेच मागं पोर असताना बेदरकारपणा ठरतं.

का, ते सांगतो. गाडी तुम्ही चालवता, म्हणून पुढं काय होणार हे तुमच्या अंगाला आधीच कळलेलं असतं. ब्रेक लागायच्या आधी तुमचे हात ताठ होतात, मांड्या टाकीला आवळल्या जातात. मागं मोठं माणूस असेल तर तेही खांद्यावरून रस्ता बघत असतं, आपसूक सावरतं. पोराला दिसते ती फक्त तुमची पाठ. त्याला खड्डा दिसत नाही, कुत्रं दिसत नाही, तुम्ही कधी वळणार तेही कळत नाही. शिवाय लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि जड असतं, मान कच्ची असते. हिसका बसला की आधी डोकं जातं, मग अंग.

म्हणून मी स्वतःपुरता एक हिशेब ठेवलाय: मागचं मूल झोपलंय असं धरूनच गाडी चालवायची. झोपलेल्या मुलाला घेऊन तुम्ही ज्या गोष्टी करणार नाही, त्या जाग्या मुलालाही घेऊन करू नका.

कट मारणं

कोल्हापूरचं हे जुनं दुखणं. पुढं केएमटी बस, डावीकडं रिक्षा, मध्ये हातभर फट, आणि आपण त्यातनं बुंगाट. एकट्यासाठी ती फट पुरते. मागं मूल असलं की त्याचे गुडघे आणि पावलं गाडीच्या बाहेर असतात आणि तो हिशेब आपल्या डोक्यात नसतो. मोठ्या माणसाची फूटरेस्टवरची पावलं आत असतात. पोराचे पाय टेकतच नाहीत, ते लोंबकळतात. बसच्या पत्र्याला आधी लागणार ते त्याचं पाऊल.

दुसरं म्हणजे गाडी कलली की मोठं माणूस तिच्याबरोबर कलतं. मूल घाबरून उलट्या बाजूला झुकतं. वीस किलोचं पोर ऐन वळणावर उलटं झुकलं की हँडलला लगेच कळतं. पन्हाळ्याच्या घाटात हा अनुभव अनेकांना आला असेल. 'गाडी वळतच नाही' असं वाटतं आणि आपण टायरला, शॉकअपला दोष देतो. गाडीला काही झालेलं नसतं. निघायच्या आधी मुलाला एकच वाक्य सांगा: "वळताना माझ्या पाठीला चिकटून राहायचं, मी जिकडं तिकडं तू." आणि वळणाच्या आधीच वेग कमी करा, वळणात शिरल्यावर नको.

वेगाचं गणित थोडक्यात. ताशी 40 किलोमीटरला गाडी एका सेकंदात 11 मीटर जाते, 60 ला जवळपास 17. ब्रेककडं हात जाईपर्यंतच एवढं अंतर जातं. पुढं गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं, म्हणजे 40 ऐवजी 60 असाल तर दुपटीहून जास्त, सव्वादोन पट. फुलेवाडीहून राजारामपुरीपर्यंत असं चालवून वाचतात ती तीन-चार मिनिटं. ती घरातनं लवकर निघूनही मिळतात. (आमच्या घरात ती मोजे शोधण्यात जातात. रात्रीच काढून ठेवले की सकाळची निम्मी घाई संपते.)

उसाचा हंगाम

ही चूक पुण्या-मुंबईच्या लेखांत सापडणार नाही. गळीत हंगाम सुरू झाला की राधानगरी रोड, गगनबावडा रोड, कागलकडचा रस्ता, सगळीकडं उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर. वेग बैलगाडीपेक्षा थोडा बरा, त्यामुळं मागं राहायचा कंटाळा येतो आणि आपण ओव्हरटेक काढतो.

मागं मूल असताना तीन गोष्टी बघा. ट्रॉलीच्या कडेनं बाहेर आलेल्या कांड्या आणि वाढं (उसाचे शेंडे). तुम्हाला हेल्मेटची काच असते, पोराचं तोंड उघडं असतं. दुसरं, मागची ट्रॉली खड्ड्यात डोलते, ती सरळ रेषेत चालतच नाही. चिकटून जाल तर एका हेलकाव्यात रस्त्याच्या कडेला. तिसरं, रस्त्यावर पडलेला ऊस. गोल कांडी चाकाखाली आली की लाटण्यावरून गेल्यासारखी गाडी सरकते. त्यावर ब्रेक दाबायचा नाही, हँडल सरळ ठेवून रेस सोडायची. अंधार पडल्यावर तर ओव्हरटेक नकोच. मागचा दिवा नसलेली, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेली ट्रॉली दिसते तेव्हा ती पुढ्यात आलेली असते. मागं राहिलात तर दहा मिनिटं उशीर होईल, एवढंच. पावसाळ्यात आणि त्यानंतर शेतातनं रस्त्यावर आलेल्या चिखलावरही तसंच: ब्रेक दाबायचा नाही, हँडल सरळ ठेवून रेस सोडायची.

पुढं बसवणं

'माझ्या डोळ्यांसमोर राहतंय' हे त्यामागचं कारण. मीही हेच म्हणायचो. एकदा किराणा दुकानापुढं स्कूटर थांबवली, इंजिन चालूच, पोरगा पुढं उभा. मी एक पाय खाली टेकून दुकानदाराला साखर सांगत होतो आणि पोरानं सहज एक्सलेटर पिळला. गाडी पुढं उभ्या असलेल्या सायकलीवर गेली. सायकल पडली, पोराची हनुवटी हँडलवर आपटली, टाके पडले नाहीत हे नशीब. त्या दिवसापासून तो मागं.

अचानक ब्रेक लागला तर पुढच्या मुलाला थांबवायला हँडल आणि मीटर एवढंच असतं, आणि मागून तुमचं सत्तर किलोचं अंग येतं. हँडलचं टोक पोटात घुसलं तर बाहेर नुसता लाल वळ दिसतो, आत यकृताला किंवा प्लीहेला मार असू शकतो. कायद्यातही हे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 128 सांगतं की चालकाशिवाय एकच जण, आणि तोही चालकाच्या मागं, पक्क्या बसवलेल्या सीटवर. 'लहान आहे, मोजू नका' अशी सूट त्यात लिहिलेली नाही. म्हणजे आई, बाबा आणि मध्ये पोर ही ट्रिपल सीटच.

हे लिहिताना मला कळतंय की बऱ्याच घरांत एकच गाडी असते आणि माणसं चार. तिथं उपदेश सोपा असतो. तरी एवढं करता येतं: दोन फेऱ्या मारता येतात, लांबच्या गावाला एसटीनं जाता येतं, आणि जवळचं असेल तर एकजण चालत येऊ शकतो.

आणखी एक सोय लोकांनी शोधलीय, आठवीतल्या दादाच्या मागं धाकट्याला शाळेत पाठवायची. कलम 199अ प्रमाणे अल्पवयीन मुलानं गाडीवर गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड होऊ शकतो. त्यावर जास्त काही लिहायची गरज नाही.

टाच चाकात

गावाकडं हा अपघात नवा नाही, तरी त्याचं बोलणं फारसं होत नाही. लोंबकळता पाय गचक्यासरशी आत जातो, टाच स्पोकमध्ये अडकते आणि फिरतं चाक मागची कातडी सोलून काढतं. गाडी हळू असली तरी होतं.

हे टाळणं सर्वांत स्वस्त. साडीगार्ड काढू नका. मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं गार्ड, मागच्या माणसाला धरायला कडी आणि पाय ठेवायला फूटरेस्ट, हे केंद्रीय मोटार वाहन नियम 123 प्रमाणे लागतंच. नवी गाडी आणली की पोरं 'लूक'साठी पहिल्यांदा तेच काढतात. मुलाच्या पायात चप्पल नको, टाच झाकणारा बूट हवा. मुलीची ओढणी, रेनकोटचं टोक, दप्तराचा लोंबता पट्टा हे सगळं आत खोचा. पाय फूटरेस्टला पोचत नसतील तर मूल अजून हार्नेसशिवाय (चालकाशी बांधणाऱ्या पट्ट्यांशिवाय) बसायच्या उंचीचं झालेलं नाही असं समजा.

दप्तराचं सांगायचं राहिलं. पाठीवरचं जड दप्तर गाडी सुटताना पोराला मागं ओढतं. दोघांच्या मध्ये ठेवलं तर पोर सीटच्या टोकाला जातं. स्कूटर असेल तर ते पुढं हुकला अडकवा.

हार्नेस आणि हेल्मेट

नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी वेगळा नियम आहे. तो 15 फेब्रुवारी 2022 ला निघाला आणि वर्षभरानं लागू झाला. मुलाला चालकाशी बांधणारा हार्नेस हवा, डोक्यावर मापाचं हेल्मेट हवं (सायकलचं चालतं), आणि वेग ताशी 40 च्या वर नको. हार्नेस म्हणजे मुलाच्या अंगात घालायचं जाकीट. त्याच्या पट्ट्या दप्तरासारख्या तुमच्या खांद्यांवर येतात. तो 30 किलोपर्यंतचं वजन पेलणारा असावा असं नियमात आहे. ओढणीनं किंवा पंच्यानं पोटाशी बांधणं ही त्याची जागा घेत नाही. गाठ सरकते, आणि पडलात तर सुटत नाही. नऊ महिन्यांच्या आतलं बाळ मात्र दुचाकीवर नकोच, त्याची मान हेल्मेटचंही वजन पेलत नाही.

चार वर्षांवरच्या प्रत्येकाला कलम 129 प्रमाणे हेल्मेट सक्तीचं. बाबांच्या डोक्यावर हेल्मेट आणि पोराच्या डोक्यावर माकडटोपी, हे दृश्य मला कधीच समजलं नाही.

मूल हेल्मेट काढून टाकतंय? बहुतेक वेळा ते टोचत असतं किंवा डोळ्यांवर येत असतं. मोठ्यांचं छोटं हेल्मेट घेऊ नका. भुवयांच्या वर टेप गुंडाळून डोक्याचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा आणि दुकानात तोच आकडा सांगा. आयएसआयचा शिक्का बघा. पट्टा लावून हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतपत घट्ट करा, मग हेल्मेट हलवून बघा. कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली तर माप बरोबर. आणि रंग पोराला निवडू द्या, त्यानं निम्मं भांडण मिटतं. घरात टीव्ही बघताना चार दिवस घालू दिलं तरी सवय होते.

पोर पेंगतंय

नृसिंहवाडीहून किंवा जोतिबाहून परतताना हे हमखास. पोटात प्रसाद, अंगावर वारा, आणि पाठीवर डोकं टेकलं की संपलं. लक्षण सोपं आहे: पोटाभोवतीची मिठी सैल होते आणि बडबड थांबते. तेव्हा एका हातानं मागं धरून गाडी चालवायची, हा आपल्याकडचा उपाय. म्हणजे एका हातात पोर, एका हातात हँडल आणि पुढच्या ब्रेकला किंवा क्लचला हातच नाही.

थांबा. रसवंती दिसली तर उत्तमच. दहा मिनिटं खाली उतरवा, तोंड धुवा, पाणी द्या. मोठं मूल असेल तर बोलतं ठेवा, पुढचे किलोमीटरचे दगड मोजायला लावा. आवाज बंद झाला की परत थांबा. रात्रीचा परतीचा प्रवास असेल तर मुलाला गाडीवर न नेणंच बरं.

गाडीच गचके देतेय

कधीकधी चालवणाऱ्याची चूक कमी आणि गाडीची जास्त असते. सुटताना हिसका बसत असेल तर चेन बघा. सैल चेन रेस दिली की आधी ढील घेते, मग झटक्यात ओढते. क्लचची केबल फार वर पकडत असेल तर मिस्त्रीकडून सेट करून घ्या. खड्ड्यात मागचं पोर उडत असेल तर मागच्या टायरची हवा जास्त आहे का ते पाहा. दोघांसाठीचा आकडा वेगळा असतो, तो गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात मिळेल. ब्रेक एकदम पकडत असेल तर तोही दाखवा, आणि पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक मिळून, हळूहळू दाब वाढवत लावायची सवय लावा.

पडलात तर

टाच चाकात अडकली तर पाय ओढू नका. इंजिन बंद, एकानं मुलाला उचलून धरायचं, दुसऱ्यानं चाक हळूच उलटं फिरवायचं. निघत नसेल तर स्पोक कापा. जखम स्वच्छ पाण्यानं धुवा, कापडानं झाका, हळद-कॉफी भरू नका. वरून किरकोळ दिसली तरी एक्स-रे काढा. चिरडलेली कातडी काही दिवसांनी काळी पडून मरू शकते.

डोक्याला मार असेल आणि उलटी होत असेल, मूल नेहमीपेक्षा जास्त पेंगत असेल, ओळखत नसेल, झटके येत असतील, कानानाकातून पाणी किंवा रक्त येत असेल, तर घरी न्यायचं नाही. 108 ला फोन करा. बेशुद्ध असेल किंवा मान दुखतेय म्हणत असेल तर उचलून रिक्षात कोंबू नका, मान न हलवता तिथंच धरा.

पोटावर हँडल लागलं असेल तर त्या दिवशी पोर खेळत असलं तरी डॉक्टरांना दाखवा. आणि ज्या हेल्मेटनं एकदा रस्ता खाल्ला, ते वरून कितीही चांगलं दिसू दे, धाकट्यासाठी जपून ठेवू नका. पट्टा कापून कचऱ्यात टाका, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या पोराच्या डोक्यावर जाणार नाही.