दुबईचं घर, गोल्डन व्हिसा आणि भारतातला कर: आधी काय, मग काय

दुबईत घर घेऊन गोल्डन व्हिसा, म्हणजे तिथे दीर्घकाळ राहायचा परवाना, मिळाला म्हणून भारतातला कर सुटत नाही. आयकराच्या लेखी निवासी कोण आणि अनिवासी कोण, हे व्हिसावर नाही, मुख्यतः इथे राहिलेल्या दिवसांवर ठरतं. वर्षातले २०० दिवस पुण्यात राहणाऱ्याच्या पासपोर्टात १० वर्षांचा व्हिसा असला, तरी दुबईच्या फ्लॅटच्या भाड्यावर त्याला इथे कर भरावाच लागतो. तिथे कर शून्य, त्यामुळे इथल्या करातून वजा करायलाही काही नसतं. साधा व्हिसा सहा महिने बाहेर राहिलं की रद्द होतो, गोल्डन व्हिसा होत नाही. नेमक्या याच सोयीमुळे माणूस बेसावध राहतो.

पैशांचा हिशेब

व्हिसासाठी घराची किंमत किमान २० लाख दिरहम लागते. त्यावर दुबई लँड डिपार्टमेंटचे, म्हणजे तिथल्या मालमत्ता नोंदणी खात्याचे, ४ टक्के, म्हणजे ८० हजार. दलालाचे साधारण २ टक्के आणि त्या दलालीवर ५ टक्के व्हॅट, म्हणजे आणखी ४२ हजार. एकूण २१.२२ लाख दिरहम. दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, तेव्हा हे झाले सुमारे ५.७८ लाख डॉलर. किरकोळ फिया वेगळ्या.

आता अडचण बघा. निवासी भारतीयाला एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवण्याची योजना) एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. नवरा-बायको मिळून पाच लाख, म्हणजे जवळपास ७८ हजार डॉलर कमीच पडतात. यावर उपाय म्हणजे काही रक्कम मार्चमध्ये आणि उरलेली एप्रिलमध्ये पाठवायची. एकट्याच्या नावावर घर घेणार असाल तर तीन आर्थिक वर्षं लागतील. दोघांची मर्यादा एकत्र करायची असेल तर टायटल डीडवर (मालकीच्या दस्तावर) दोघांचीही नावं हवीत. पैसे पत्नीच्या खात्यातून आणि घर फक्त पतीच्या नावावर, असं केलं तर बँक विचारतेच.

दोघांच्या नावावर घर असेल तर व्हिसाच्या वेळी विवाह प्रमाणपत्र लागतं, तेही साक्षांकित. क्रम असा: राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय, यूएईचा (संयुक्त अरब अमिरातीचा) दूतावास आणि शेवटी तिथलं परराष्ट्र मंत्रालय. नुसत्या अपोस्टिलवर (अनेक देशांत चालणाऱ्या एकाच साक्षांकन शिक्क्यावर) काम भागत नाही.

निवासी असताना तिथल्या बँकेचं कर्ज काढून घर घेणं फेमात, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, बसत नाही. इथल्या बँकाही अशा गुंतवणुकीचे पैसे बाहेर पाठवण्यासाठी कर्ज देऊ शकत नाहीत. बिल्डरचा एजंट ‘बुकिंगची रक्कम क्रेडिट कार्डाने भरून टाका’ म्हणेल. ते करू नका. पैसे बँकेतून, ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेचा अर्ज) भरूनच जाऊ द्या.

टीसीएस

वर्षाला माणशी १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच गोळा केला जाणारा कर, घेते. एकाने एका वर्षात २ कोटी पाठवले तर १.९० कोटींवर ३८ लाख. हा जादा कर नव्हे. तुमच्या नावे जमा कराच्या पत्रकात (२६एएस) दिसतो आणि विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर तेवढे पैसे अडकतात, आणि घराच्या हप्त्याला ते नसतात. नोकरदारांनी हा टीसीएस कंपनीला कळवून पगारातला टीडीएस कमी करून घ्यावा. बाकीच्यांनी आगाऊ कराच्या हप्त्यात धरावा.

तिकडे नोकरी किंवा व्यवसाय ठरलेला असेल, तर आमच्या मते घर घाईने घेऊच नये. कामासाठी देश सोडला की फेमाखाली त्या दिवसापासून तुम्ही अनिवासी. मग बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं इथलं रुपयातलं खातं) करून घ्यायचं आणि त्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर न्यायचे. हा मार्ग एलआरएसचा नाही, त्यामुळे टीसीएसही नाही. शिवाय तिथल्या बँकेचं गृहकर्जही खुलं होतं. सहा महिने थांबायची तयारी असेल तर यासारखं दुसरं नाही.

निघायची तारीख

आयकराचं गणित फेमापेक्षा वेगळं. भारतीय नागरिक नोकरीसाठी जात असेल तर त्या आर्थिक वर्षात इथले दिवस १८२च्या आत हवेत. १ एप्रिलपासून मोजा: २८ सप्टेंबरला निघालात तर १८१ दिवस होतात, २९ला निघालात तर १८२, आणि तुम्ही पूर्ण वर्ष निवासी. निघायचा दिवसही धरलेला बरा. आणि दिवाळीला घरी आलात की ते दिवस याच बेरजेत येतात.

नोकरी-धंदा नाही, फक्त गुंतवणूकदार किंवा निवृत्त म्हणून जाताय? मग ही सवलत नाही. आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस इथे काढलेले असतील तर जाण्याच्या वर्षी ६० दिवसांची मर्यादा लागते, म्हणजे २९ मेपर्यंत निघायला हवं. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात.

पुढच्या वर्षांत भेटीला येताना १८२ दिवस. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर मात्र १२० दिवस. यूएईत वैयक्तिक आयकर नाही, त्यामुळे भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असलेला भारतीय नागरिक एक दिवसही इथे न राहता निवासी मानला जाऊ शकतो. घाबरू नका, हा दर्जा ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ असा आहे. दुबईच्या भाड्यावर इथे कर लागत नाही. भारतातून चालवलेला धंदा मात्र कराखाली येतो.

प्रमाणपत्र आणि विवरणपत्र

एनआरओ ठेवीच्या व्याजावर ३० टक्के आणि वर अधिभार-उपकर कापला जातो. भारत-यूएईमधल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार तो १२.५ टक्के. त्यासाठी तिथलं करनिवास प्रमाणपत्र, म्हणजे करासाठी तुम्ही तिथले निवासी असल्याचा दाखला, लागतं. यूएईच्या कायद्यात ते काही अटींवर ९० दिवसांतही मिळतं, पण करारात कॅलेंडर वर्षातले १८३ दिवस लिहिलेत. २८ सप्टेंबरला गेलेल्याचे डिसेंबरअखेर ९५च भरतात. पहिल्या वर्षी कपात पूर्ण दरानेच होणार, असं धरून चाला.

निवासी असेपर्यंत दुबईचं घर आणि बँक खातं विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं, उत्पन्न शून्य असलं तरी. चुकल्यास १० लाखांचा दंड. २० लाखांपर्यंतची सूट आहे, पण ती स्थावर मालमत्तेला नाही.

इथला फ्लॅट विकून पैसे उभे करणार असाल तर शक्यतो निवासी असतानाच विका. २३ जुलै २०२४च्या आधी घेतलेल्या घराला निवासी माणूस इंडेक्सेशनसह (खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून) २० टक्के किंवा त्याविना १२.५ टक्के, यातलं जे कमी ते निवडू शकतो. अनिवासीला निवड नाही. ५० लाख वा जास्तीच्या घरावर निवासी विक्रेत्याचा खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. अनिवासीकडून घेताना तो १२.५ टक्के आणि वर अधिभार-उपकर कापतो, आणि आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी घेतला नसेल तर बहुतेक वेळा नफ्यावर नव्हे, पूर्ण किमतीवर.