दोन संमिश्र संख्यांमधले सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अंतर आकृतीवरून कसे काढावे

अकरावी-बारावीच्या आणि जेईईच्या पेपरात हा प्रश्न हमखास दिसतो: झ आणि व या संख्यांवर एकेक अट आहे, तर |झ − व| कमीत कमी किती? झ = क्ष + यइ (इथे इ² = −१) ठेवून वर्ग करत बसले की पान भरते आणि हाती काही लागत नाही. |झ − व| म्हणजे आर्गंड आकृतीवरच्या (जिथे क्ष + यइ ही संख्या (क्ष, य) या बिंदूने दाखवतात) दोन बिंदूंमधले अंतर, एवढेच धरून चालायचे. ही आकृती १८०६ सालापासून याच कामी येते आहे.

पहिली पायरी: अट ओळखा. |झ − १| = १० हे १ केंद्राचे, १० त्रिज्येचे वर्तुळ. चिन्हाकडे नीट बघा: |झ + ३ − २इ| चे केंद्र −३ + २इ आहे, ३ − २इ नव्हे. निम्मे गुण इथेच जातात. ‘=’ असेल तर फक्त परीघ, ‘≤’ असेल तर आतली चकतीही. |झ| = |झ − ६ − ८इ| हा ० आणि ६ + ८इ यांना जोडणाऱ्या रेषाखंडाचा लंबदुभाजक, म्हणजे ३क्ष + ४य = २५.

दुसरी पायरी: केंद्रांतर काढा आणि त्रिज्यांशी ताडून बघा. आपले उदाहरण: |झ − १| = १०, |व − ४ − ४इ| = २. केंद्रे (१, ०) आणि (४, ४), म्हणून अंतर √(९ + १६) = ५. पाठ केलेले सूत्र ‘केंद्रांतर वजा दोन्ही त्रिज्या’ इथे लावले तर −७ येते. अंतर ऋण कसे असेल? कारण ५ हे १० − २ = ८ पेक्षा लहान आहे, म्हणजे छोटे वर्तुळ मोठ्याच्या पोटात आहे. तेव्हा कमीत कमी अंतर १० − २ − ५ = ३. जास्तीत जास्त अंतर मात्र कुठल्याही स्थितीत तिन्हींची बेरीज: ५ + १० + २ = १७. वर्तुळे एकमेकांबाहेर असतील तेव्हाच ते पाठ सूत्र चालते. ती छेदत किंवा स्पर्श करत असतील तर किमान अंतर ०.

तिसरी पायरी: बिंदू शोधून पडताळा. वरची बेरीज-वजाबाकी नुसती मर्यादा सांगते, ती गाठली जाते की नाही हे बिंदू सांगतात. मोठ्याच्या केंद्राकडून छोट्याच्या केंद्राकडे जाणारी एकक दिशा (३ + ४इ)/५. त्या दिशेने झ = १ + १०(३ + ४इ)/५ = ७ + ८इ आणि व = ४ + ४इ + २(३ + ४इ)/५ = ५.२ + ५.६इ. फरक १.८ + २.४इ, त्याचा मापांक (म्हणजे आरंभबिंदूपासूनचे अंतर) ३. जुळले. कमाल अंतरासाठी व तोच, झ उलट्या टोकाला −५ − ८इ. फरकाचा मापांक १७.

|झ + व| विचारले तर घाबरू नका. ते |झ − (−व)| आहे, म्हणून व चे वर्तुळ आरंभबिंदूतून पलीकडे फिरवा: केंद्र −४ − ४इ, त्रिज्या तीच. केंद्रांतर √४१, सुमारे ६.४; तेही ८ पेक्षा कमीच, म्हणून किमान ८ − √४१ आणि कमाल १२ + √४१. |२झ − व| असेल तर झ च्या वर्तुळाचे केंद्र आणि त्रिज्या दोन्ही दुप्पट करा; त्रिज्या विसरली जाते.

रेषा आणि वर्तुळ हे तर सोपे. वरचा लंबदुभाजक आणि |व + १ + ३इ| = ३ घ्या: केंद्र (−१, −३) पासून रेषेचे लंबांतर |−३ − १२ − २५|/५ = ८, म्हणून किमान ५. रेषा अमर्याद असल्याने कमाल नाही.

चकतीचा एक फास: |झ − ३ − ४इ| = ७ असेल तर |झ| चे किमान मूल्य ७ − ५ = २, पण ‘≤ ७’ असेल तर आरंभबिंदू चकतीतच पडतो आणि किमान ०.

सगळ्यात जास्त फसवतो तो किरण. झ चा कोनांक (धन क्ष-अक्षाशी होणारा कोन) π/४ आहे, म्हणजे झ आरंभबिंदूतून निघणाऱ्या एका किरणावर आहे, आणि व = −३ − ४इ. क्ष = य या रेषेवर लंब टाकून १/√२ उत्तर लिहिले जाते. पण लंबपाद (−३.५, −३.५) किरणावर नाहीच, तो उलट्या बाजूला आहे. किरणावरून आरंभबिंदूकडे येऊ तसे अंतर घटत ५ च्या जवळ जाते. आरंभबिंदूला कोनांकच नसतो, म्हणून तो किरणात धरत नाहीत. अंतर ५ पेक्षा कायम थोडे जास्तच राहते आणि किमान मूल्य अस्तित्वातच नसते.