लहान मुलासह समुद्रसफर : गोव्यातील कुटुंबांनी जहाज कसे निवडावे

लहान मुलाला घेऊन क्रूझवर जायचे ठरले की घरातली चर्चा बहुधा जहाजाच्या छायाचित्रांपासून सुरू होते. जहाजाला मजले किती, घसरगुंडी केवढी उंच, रात्री कार्यक्रम कोणते, हे प्रश्न आधी येतात आणि मुलाचे वय तिकिटाच्या अर्जावर लिहिण्यापुरतेच उरते. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. जहाजावरील बहुतेक सोयी वयाच्या कोणत्या ना कोणत्या अटीने बांधलेल्या असतात, आणि मूल त्या अटीत बसत नसेल, तर ज्या सोयीसाठी आपण जादा पैसे मोजले ती सोय दुरून पाहण्यापलीकडे हाती काही लागत नाही.

पहिली अट सहा महिन्यांची आहे. रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन, डिस्नी यांसारख्या मोठ्या कंपन्या सहा महिन्यांहून लहान बाळाला जहाजावर घेत नाहीत, आणि सफर महासागर ओलांडणारी किंवा सलग अनेक दिवस बंदर न गाठणारी असेल, तर हीच मर्यादा एक वर्षापर्यंत जाते. जहाजावर डॉक्टर असतात, पण तान्ह्या बाळांचे तज्ज्ञ आणि मोठ्या रुग्णालयाची साधने नसतात, त्यामुळे ही अट जाचक मानू नये. घरात दुसऱ्या बाळाची चाहूल असेल, तर आईसाठीही नियम आहे: बहुतेक कंपन्या गर्भारपणाचे चोवीस आठवडे भरल्यानंतर प्रवासाला परवानगी देत नाहीत, आणि हे आठवडे सफरीच्या अखेरच्या दिवसापर्यंतचे मोजतात.

दुसरी आणि अधिक महत्त्वाची अट साधारण तीन वर्षांची. मुलांसाठीचे देखरेखीखालील क्लब बहुतेक जहाजांवर तिसऱ्या वर्षापासून सुरू होतात, आणि मुलाला स्वतःहून शी-शू सांगता येणे ही तेथील ठाम अट असते. कार्निव्हल कंपनी दोन वर्षांपासून मुले घेते. डिस्नीच्या जहाजांवर आणि रॉयल कॅरिबियनच्या काही जहाजांवर सहा महिन्यांपासूनच्या बाळांसाठी पाळणाघर असते, पण त्याचे पैसे तासावर आकारतात आणि जागा मोजक्या असतात, म्हणून तिकीट काढल्याबरोबर तेथील वेळ राखून ठेवावी लागते. पोहण्याच्या तलावाचेही तसेच. डायपर वापरणाऱ्या मुलाला, डायपर पोहण्यासाठीचा खास असला तरी, मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवरील मुख्य तलावात उतरू देत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी गाळणयंत्रणा असलेली पाणखेळाची जागा असेल तरच पाण्यात खेळता येते. अशी जागा नेमक्या त्याच जहाजावर आहे का, हे पाहावे. कंपनीच्या माहितीपत्रकातील छायाचित्र दुसऱ्याच जहाजाचे असू शकते.

यावरून माझा सल्ला सरळ आहे. मूल तीन वर्षांच्या आत असेल, तर भव्य जहाजाच्या मागे लागू नये. घराजवळच्या बंदरातून निघणारी दोन-तीन रात्रींची सफर निवडावी आणि वाचलेला पैसा चांगल्या केबिनसाठी खर्च करावा. मूल तीन ते सहा वर्षांचे असेल, तर मात्र मुलांचा क्लब आणि पाणखेळाची जागा हीच निवडीची मुख्य कसोटी धरावी.

गोव्याहून कोणती जहाजे सोयीची

भारतीय बंदरांतून चालणाऱ्या सफरींमध्ये कॉर्डेलिया कंपनीचे एम्प्रेस हे जहाज आपल्या माणसांच्या परिचयाचे आहे. हे जहाज १९९० साली बांधलेले असून पूर्वी ते रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात होते. २०२१ पासून ते मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी करू लागले. त्याचे आकारमान सुमारे ४८,५०० ग्रॉस टन आहे. तुलनेसाठी सांगायचे, तर २०२४ साली सुरू झालेले आयकॉन ऑफ द सीज हे अमेरिकेतून चालणारे जहाज जवळजवळ २,४८,००० ग्रॉस टनांचे आहे आणि लहान मुलांच्या कुटुंबांसाठी त्यावर एक स्वतंत्र विभागच आहे. मध्यम आकाराच्या जुन्या जहाजावर तेवढी खेळणी मिळणार नाहीत, हे गृहीत धरावे. पण जेवणघर केबिनपासून जवळ असते, मूल पेंगुळले तर पाच मिनिटांत बिछान्यावर नेता येते, आणि दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी हे फार मोलाचे आहे.

काही फेऱ्यांत वास्कोजवळच्या मुरगाव बंदरातही चढण्या-उतरण्याची मुभा असते. वेळापत्रक दर हंगामात बदलते, म्हणून चौकशी करताना हे आवर्जून विचारावे. वास्कोला चढता आले, तर फोंडा, मडगाव किंवा पणजीच्या कुटुंबाचा निम्मा शीण वाचतो. मुंबईहून चढायचे असेल, तर मडगावहून संध्याकाळी निघणारी कोकणकन्या सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचवते आणि बॅलार्ड पिअरचा परिसर तेथून जवळ आहे. मात्र रात्रभराचा रेल्वेप्रवास, नंतर धक्क्यावरची रांग आणि त्याच दिवशी जहाज, हा क्रम लहान मुलाला झेपत नाही. आदल्या दिवशीच मुंबई गाठून नातेवाइकांकडे किंवा हॉटेलात मुक्काम करावा.

परदेशातून चढायचे, तर आपल्याला सिंगापूर हे सर्वांत सोयीचे बंदर वाटते. तेथून मोठ्या जहाजांच्या तीन-चार रात्रींच्या सफरी निघतात, आणि डिस्नीने आपल्या डिस्नी ॲडव्हेंचर या जहाजासाठी हेच बंदर निवडले आहे. हिवाळ्यात दुबईहूनही सफरी असतात. पण दाबोळी किंवा मोपाहून विमान, मधला थांबा, परक्या शहरातील एक रात्र आणि मग जहाज, असा हिशेब केल्यावर तीन रात्रींच्या सफरीसाठी मुलाचे सहा-सात दिवस विस्कटतात. चार वर्षांखालील मुलासाठी मी हा पर्याय सुचवणार नाही.

लक्षद्वीपच्या सफरीबद्दल एक गोष्ट अनेकांना जहाजावर चढल्यानंतरच कळते. तेथे मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवाशांना लहान बोटींतून बेटावर नेतात. मूल कडेवर घेऊन हलत्या बोटीत पाऊल टाकावे लागते, बाबागाडी नेणे अवघड जाते, आणि समुद्र खवळलेला असेल तर बेटावर उतरणे रद्दही होते. म्हणून पहिल्या खेपेला जहाज धक्क्याला लागते अशीच सफर निवडावी.

हंगाम

जून ते सप्टेंबर अरबी समुद्र सफरीसाठी नसतो, हे गोव्यात कोणाला सांगायला नको. पण त्याच्या दोन्ही बाजूंचे महिनेही बेभरवशाचे असतात. अरबी समुद्रातील चक्रीवादळे मुख्यतः मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. ऑक्टोबर २०१९ मधील क्यार आणि मे २०२१ मधील तौक्ते यांचा तडाखा आपल्या किनाऱ्याने अनुभवला आहे. त्यामुळे मेच्या सुट्टीतील किंवा दिवाळीच्या सुट्टीतील तिकीट स्वस्त दिसले, तरी शाळेत न जाणाऱ्या मुलाच्या पालकांनी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. शाळेची अडचण नसण्याची ही थोडीच वर्षे असतात, त्यांचा फायदा घ्यावा.

केबिन

जहाज ठरवण्याइतकाच विचार केबिनचा करावा लागतो, आणि येथेच घाई सर्वाधिक होते. बागेतील सी-सॉच्या टोकावर बसलेले मूल जितके वर-खाली होते तितका त्याचा मधला भाग होत नाही. जहाजाचेही तसेच आहे. म्हणून लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यांवरची केबिन घ्यावी. पुढच्या टोकाची आणि अगदी वरच्या मजल्याची केबिन आकर्षक दिसली, तरी तेथे हेलकावे अधिक जाणवतात.

त्यानंतर मजल्यांचा नकाशा मागवून आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते पाहावे. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील, तर रात्र शांत जाते. वर नाचाचा हॉल, जेवणघर किंवा खुर्च्या ओढल्या जाणारा उघडा डेक असेल आणि खाली नाट्यगृह असेल, तर मूल अकरा-बारापर्यंत झोपणार नाही. भारतीय सफरींवर संगीताचे कार्यक्रम उशिरापर्यंत चालतात, याचा विचार आधीच करावा. आपल्याकडे मुले दुपारी भात जेवून दीड-दोन तास झोपतात. ही झोप मोडली की संध्याकाळ सगळ्यांचीच जाते, त्यामुळे खिडकी नसलेली आतली केबिन कमी प्रतीची समजू नये. दिवसाही तेथे पूर्ण अंधार करता येतो आणि भाडेही कमी असते. एक पालक मुलाजवळ केबिनमध्येच बसून राहणार असेल, तर मात्र खिडकी हवी.

बाल्कनीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: चढू लागलेल्या मुलासाठी ती घेऊ नये. कठडा उंच असला, तरी तेथे ठेवलेली खुर्ची मुलाला पायरीसारखी उपयोगी पडते. घेतलीच, तर खुर्च्या आत आणून ठेवाव्यात, दाराची कडी मुलाच्या हाताला पोहोचते का हे चढल्याबरोबर तपासावे, आणि मोठ्या माणसाशिवाय ते दार एकदाही उघडू नये.

पाळणा, पलंगाचा आडवा कठडा आणि न्हाणीघरात टब आहे की केवळ शॉवर, हे तिकिटाआधी विचारावे. पाळणे मोजकेच असतात. आजी-आजोबा सोबत असतील, तर मधले दार असलेल्या दोन लगतच्या केबिन एका चार बिछान्यांच्या केबिनपेक्षा किती तरी सुखाच्या ठरतात.

बोट लागणे, पाणी आणि सुरक्षा

दोन वर्षांखालील मुलांना सहसा बोट लागत नाही. त्यानंतर बारा वर्षांपर्यंतची मुले मात्र या त्रासाला सर्वाधिक बळी पडतात. औषध बालरोगतज्ज्ञांना विचारूनच द्यावे. घरातील मोठी माणसे घाटात ज्या गोळ्या घेतात त्यांतील काहींत प्रोमेथॅझिन असते, आणि ते दोन वर्षांखालील मुलाला देणे धोक्याचे आहे.

मूल जहाजावर कसे वागेल याचा अंदाज घ्यायचा असेल, तर पणजीला सांता मोनिका धक्क्यावरून संध्याकाळी निघणाऱ्या तासाभराच्या बोटीत त्याला एकदा न्यावे. मांडवीत समुद्राचे हेलकावे नसतात, पण गर्दी, मोठा आवाज आणि जिने यांना मूल किती सरावते ते समजते. मांडवीतच उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजांवर एकवीस वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नाही, त्यामुळे बाहेरगावच्या पाहुण्यांनी तिकीट काढताना दोहोंची गल्लत करू नये.

आपल्या किनाऱ्यांवर दृष्टी मरीन या कंपनीचे जीवरक्षक असतात, त्यामुळे पाण्याजवळ कोणीतरी पाहत असेल अशी सवय लागलेली असते. सगळ्याच जहाजांच्या तलावांवर जीवरक्षक नसतो. मूल पाण्याजवळ असताना एका मोठ्या माणसाने हातातला फोन बाजूला ठेवून केवळ त्याच्याकडेच लक्ष द्यावे. जहाज सुटण्यापूर्वीच्या सुरक्षा कवायतीला मुलासह जावे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांची आणि त्यापुढे त्रेचाळीस किलोपर्यंतच्या मुलांची लाइफजॅकेटे वेगवेगळी असतात. केबिनमध्ये बहुधा मोठ्यांचीच ठेवलेली असतात, म्हणून आपल्या मुलाच्या वजनाचे त्याच दिवशी मागून घ्यावे आणि एकदा घालून पाहावे.

हाताच्या स्वच्छतेबाबत सॅनिटायझरवर विसंबू नये. जहाजांवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही. जेवणापूर्वी साबणाने हात धुणे हाच खात्रीचा उपाय आहे.

जेवण, खर्च आणि कागदपत्रे

घरून केलेले अन्न बहुतेक जहाजांवर नेता येत नाही, मात्र बाळाचे पाकीटबंद अन्न आणि दुधाची पावडर चालते. विजेची किटली जप्त होते, त्यामुळे बाटल्या उकळण्यासाठी गरम पाणी कोठे मिळेल ते विचारावे. पेज किंवा मऊ वरणभात हवा असेल, तर पहिल्याच जेवणाला वाढप्याला तसे सांगितले की पुढच्या जेवणांना सहसा तयार मिळतो. जेवणाच्या दोन पाळ्या असतील, तर पहिली घ्यावी.

मुलाचे भाडे माफ असे लिहिलेले असले, तरी बंदर-कर, जीएसटी आणि काही कंपन्यांत सेवाशुल्क मुलाच्या नावानेही लागते. सर्व मिळून रक्कम किती, हे लेखी मागावे. जहाजावरील वैद्यकीय उपचारांचे बिल वेगळे आणि मोठे येते; तातडीने किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च भरून देणारा विमा घेतल्याशिवाय परदेशी सफरीला निघू नये.

भारतीय बंदरांमधील सफरीसाठी मुलाचे आधार आणि जन्मदाखला मूळ स्वरूपात जवळ ठेवावा. परदेशी सफरीसाठी पासपोर्ट लागतो; मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी त्याची मुदत शिल्लक हवी. गोव्यातील अनेक कुटुंबांत एका पालकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे) कार्ड असते, तर दुसऱ्याकडे भारतीय पासपोर्ट. अशा घरांनी व्हिसा आणि लक्षद्वीपचा प्रवेश परवाना या दोन्हींची चौकशी प्रत्येक पासपोर्टासाठी स्वतंत्रपणे करावी. आई किंवा वडील यांपैकी एकच सोबत जाणार असेल, तर दुसऱ्याचे नोटरीकडून साक्षांकित केलेले संमतीपत्र तिकिटाबरोबरच तयार ठेवावे, कारण धक्क्यावर ते मागितले गेले तर त्या क्षणी मिळवण्याचा कोणताही मार्ग नसतो.