टर्कीच्या शिकारीला निघण्याआधी जागा कशी तपासावी

अमेरिकेत राहणारे आपले लोक ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने कधीतरी वसंतातल्या टर्कीच्या (कोंबडीसारख्या मोठ्या रानपक्ष्याच्या) शिकारीला जातात. तयारी बंदुकीची होते, कपड्यांची होते, टर्कीच्या मादीचा आवाज काढायच्या सरावाची होते. जमिनीवर सांडलेला मका कुणी बघत नाही आणि नेमका तोच अडचणीत आणतो, कारण बऱ्याच राज्यांत आमिष टाकलेल्या जागी टर्की मारायला बंदी आहे.

सुरुवात कागदांपासून करा. तुम्ही एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर वैध शिकार परवाना नसताना बंदूक जवळ बाळगणे हा सहसा फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याखालचा, गुन्हा ठरतो. त्यामुळे बंदूक हातात घेण्यापूर्वी परवाना काढा.

मग राज्याचे नियम वाचा. बदके, होले हे स्थलांतरित पक्षी असल्याने त्यांना केंद्राचा कायदा लागतो. टर्की स्थलांतर करत नाही, म्हणून आमिषाचा नियम राज्यागणिक वेगळा. मिसुरीत आमिष पूर्ण काढून टाकल्यावरही १० दिवस ती जागा आमिषाचीच धरतात, पेनसिल्व्हेनियात ३० दिवस. फ्लोरिडात दाणे असलेल्या फीडरपासून (जनावरांना दाणे टाकणाऱ्या पिंपापासून) १०० यार्डांच्या आत बसून टर्की मारता येत नाही. टेक्सासच्या बऱ्याच भागात आमिष चालते, पूर्वेकडच्या काही काउंट्यांत चालत नाही. अलाबामात आमिषाचा वेगळा परवाना मिळतो खरा, पण तो हरणे आणि रानडुकरांपुरता. तेव्हा मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, राज्याच्या वन्यजीव खात्याची यंदाची पुस्तिका उघडा.

आता प्रत्यक्ष जागा. शिकारीच्या एक-दोन दिवस आधी, भर दिवसा फिरून या. तीन पायांवर उभे केलेले पिंप, मक्याचे पिवळे दाणे, मिठाचा ठोकळा दिसतो का बघा. टर्की पाचोळा उकरतेच, त्यात नवल नाही. पण सगळ्या पाऊलखुणा एकाच ठिकाणी जात असतील आणि तिथली माती गोल उकरलेली असेल, तर थांबा. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याचा फीडरही नजरेतून सुटू देऊ नका.

जमीनमालकाला तीन प्रश्न विचारा: हरणांसाठी काही टाकलंय का, कधी टाकलं, आणि संपलं कधी? तिसरा प्रश्न लोक विसरतात. दिवस मोजायचे ते शेवटचा दाणा गेल्यापासून, पोते ओतल्यापासून नव्हे. "मी टाकलं नाही" हे उत्तर अनेक राज्यांत चालत नाही. उभे पीक किंवा नेहमीच्या कापणीत गळलेले धान्य सहसा आमिषात धरत नाहीत.

एवढी काटेकोर बंदी का? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जंगलतोड आणि बेसुमार शिकारीमुळे ही टर्की अनेक राज्यांतून नाहीशी झाली होती. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांकडे वळवला. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते रानात टिकले नाहीत. मग रानातलेच पक्षी जाळ्यात पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा कुठे कळप वाढले. आज संख्या साठ लाखांच्या आसपास आहे, तरी काही राज्यांत ती पुन्हा घटते आहे. गंमत अशी, की ते पक्षी जाळ्याखाली आणायलाही मकाच टाकत! त्याच सवयीमुळे आमिषावर शिकार फार सोपी होते: आख्खा कळप रोज एकाच जागी येतो. शिवाय बुरशी लागलेल्या मक्यातले अफ्लाटॉक्सिन हे विष टर्कीला बाधते आणि फीडरपाशी जमणारी रकूनसारखी जनावरे तिची अंडीही खातात. (आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात आमिष लावणे हे 'शिकार' या व्याख्येतच येते.)

ऐन पहाटे दाणे दिसले तर? काडतुसे काढा आणि तिथून निघा. दाणे झाडून त्याच जागी बसणे म्हणजे पुरावा मिटवल्यासारखे दिसते. शंका असेल तर वन्यजीव अधिकाऱ्याला फोन करून विचारा.

टर्की मिळालीच, तर नियमाप्रमाणे तिला टॅग (परवान्याची चिठ्ठी) लावा आणि मुदतीत नोंद करा. टेक्सासात ही मुदत २४ तासांची आहे. बेकायदा मारलेला पक्षी राज्याची हद्द ओलांडून नेलात, तर १९०० चा लेसी कायदा लागतो आणि प्रकरण फेडरल होते.